बाकीचं कुठंय?

६ जानेवारी, रविवार

आले बाई एकदाची! मिलवॉकीहून साडेसहा तास गाडी हाकली. शेवटचे दोन तास रस्त्यावर मी आणि बर्फ उडवणारी यंत्रं, तिसरं कुणी नाही. घर मात्र छान मिळालंय. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि खिडकीतून लेक सुपीरियर, म्हणजे सध्या नुसतं पांढरं मैदान. घरमालकीणबाईंनी दाराशी वेलदोड्याचा गोड पाव ठेवला होता. अर्धा उभ्याउभ्याच संपवला.

मसाल्याच्या बाटल्या लावून झाल्या. प्रत्येकीवर नाव, तारीख. माझ्या माजी नवऱ्याला यावरून फार हसू यायचं. हसो बापडा, त्याला स्वतःचे मोजे सापडायचे नाहीत. मला हरवलेलं शोधता येतं, एवढा एक गुण देवाने दिलाय, आणि इथल्या इस्पितळाने मला त्याच्यासाठीच घेतलंय.

८ जानेवारी, मंगळवार

ग्रॅनाइट बेचं इस्पितळ साठ खाटांचं. माझी कचेरी तळमजल्यावर, मालखोलीला लागून. माझं काम असं: माणसाच्या अंगात कायमचं जे जे बसवतात, खुबा, पट्टी, स्क्रू, झडप, त्या प्रत्येकावर त्याचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्कॅनर लावून तो क्रमांक त्या माणसाच्या नोंदीत चढवायचा. उद्या कारखान्याने सांगितलं की अमुक माल खराब निघाला, तर तो कुणाच्या अंगात आहे हे एका बटणावर कळायला हवं.

आईच्या वेळी ते कळलं नव्हतं. तिच्या खुब्याचा माल परत मागवल्याचं पत्र इस्पितळात येऊन पडलं होतं, पण कुणाला कळवायचं तेच त्यांना ठाऊक नव्हतं. धातू झिजून दोन वर्षं तिच्या रक्तात उतरत होता आणि मी तिला म्हणत होते, आई, किती कुरकुर करशील. हे मी कुणाला सांगत नाही. इथे लिहिते.

मालखोलीचा वेंडेल तीस वर्षं इथे आहे. दाढीत कायम बिस्किटाचा चुरा. गाडीतून खोकी उतरली की मोजायच्या आधीच तो ओरडतो, "बाकीचं कुठंय?" कारण माल कमीच येतो, असा त्याचा अनुभव. मला तो मिलवॉकीवाली म्हणतो. म्हणे, शहरातून आलेली माणसं इथे दोन हिवाळे टिकतात, तिसऱ्याला पळतात. मी म्हटलं, मी पळाले तर माझ्यावर चिठ्ठी लावून ठेव, सापडेन.

१० जानेवारी, गुरुवार

गेल्या वर्षभराच्या नोंदींचं प्रमाण शेकडा एकसष्ट. लाज वाटावी असं. कारण शोधायला ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. तिथली मुख्य परिचारिका मार्गिट, सहा फूट उंच, बोलणं कुऱ्हाडीसारखं. तिने मला एक बरणी दाखवली, अंगठ्याएवढी. तिच्यात हाडाचा चुरा असतो. मेलेल्या माणसाने दान केलेलं हाड धुऊन, वाळवून, दळून भरतात. मोडलेल्या हाडात फट राहिली की त्यात हा चुरा घालायचा, त्याच्या आधाराने नवीन हाड भरतं. बरणीवर दात्याचा क्रमांक असतो.

पण बरणी गोल, चिठ्ठी वाकडी, वरून दमट. स्कॅनर वाचतच नाही. दहादा प्रयत्न करायचा, तोवर टेबलावर माणूस उघडा पडलेला. बरणीसोबत सुट्या चिठ्ठ्या येतात, त्या पूर्वी कागदी नोंदीवर चिकटवायचे. आता कागद बंद झाले, म्हणून त्या कचऱ्यात जातात. मग मार्गिटने नोव्हेंबरात एक युक्ती काढली. एक छान वाचता येणारी चिठ्ठी दाराशेजारी भिंतीवर चिकटवून टाकली. बरणी कुठलीही असो, भिंतीवर स्कॅनर लावायचा. टुक. झालं. एकाच दात्याच्या अनेक बरण्या असतात, त्यामुळे यंत्रही तक्रार करत नाही. कपाटातल्या रिकाम्या जागा विक्रेता पंधरवड्याने येऊन भरून जातो.

मी म्हटलं, अगं, हे चूक आहे. तिने विचारलं की तुला नोंदी हव्यात की वाद? मी हसले. नवीन माणसाने पहिल्याच आठवड्यात भांडू नये.

१८ जानेवारी, शुक्रवार

या आठवड्याच्या नोंदी शेकडा अठ्ठ्याण्णव! प्रशासकबाईंनी केक आणवला, वर निळ्या साखरेने आकडा. वेंडेलने दोन तुकडे खाल्ले आणि रिकाम्या पेटीत डोकावून विचारलं, बाकीचं कुठंय?

केकच्या भरात एक गोष्ट केली. भिंतीवरची चिठ्ठी फाटत चालली होती. कचेरीत आणून लॅमिनेट केली, चारही कोपरे गोल कापून परत लावली. शेवटचे चार आकडे ४४१७. उन्हाळ्यात नीट स्कॅनर घेऊ, मग ती काढूच.

२९ जानेवारी, मंगळवार

जेवायच्या सुट्टीत अल्मा पेकोला भेटल्या. शाळेच्या निवृत्त स्वयंपाकीण, डिसेंबरात खुबा दुरुस्त करून घेतला, आता व्यायामाला येतात. खिडकीशी बसल्या होत्या आणि पडद्याची दोरी मांडीवर घेऊन गाठी मारत होत्या. एकसारख्या, एका अंतरावर, हात भरून. मी कौतुक केलं तर त्या ओशाळल्या. म्हणाल्या, पोरी, जन्मात एप्रनच्या पलीकडे गाठ मारली नाही मी, ही कुठून आली कोण जाणे, हात रिकामा राहवत नाही. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "बाकीचं कुठंय?"

मला वाटलं जेवणाबद्दल विचारतायत. ताटात बटाट्याचं हॉटडिश अर्धंच वाढलं होतं. मी अजून एक डाव आणून दिला. त्यांनी हातही लावला नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

परवा गाडीतळावर घसरले. डावं मनगट, दोन तुकडे. नशीब उजवं नाही, लिहिता येतंय. डॉक्टर ओसगुडनी पट्टी आणि सहा स्क्रू बसवले, मध्ये फट होती त्यात चुरा भरला. भूल चढताना मी मार्गिटला बजावलं की माझी नोंद नीट कर हं. ती म्हणाली, तुझी नाही करणार तर कुणाची? मी डोळे मिटताना तिने हात लांब करून भिंतीवर स्कॅनर लावला. टुक.

माझीच लॅमिनेट केलेली चिठ्ठी. जाग आल्यावर हसू आलं होतं. आता लिहिताना तितकंसं येत नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

प्लास्टरच्या आतला हात थंडगार असतो. दुखत नाही. बर्फाच्या पाण्यात धरून ठेवल्यासारखा वाटतो. ओसगुड म्हणतात, रक्तपुरवठा उत्तम.

आज मफलरच्या दशांना गाठी दिसल्या. सगळ्या दशांना, दोन-दोन. घरमालकीणबाईंना विचारलं. त्यांनी हात लावला नाही म्हणाल्या.

४ मार्च, सोमवार

आलं. ज्याच्यासाठी मी इथे आले ते पत्र आलं. दानाची हाडं पुरवणाऱ्या अस्थिपेढीने एका दात्याच्या सगळ्या बरण्या परत मागवल्यात. हाडात जंतू निघाले. दुसऱ्या राज्यांत दोघं दगावलीत. औषध त्या मेलेल्या हाडात पोचत नाही, रक्ततपासणीत महिनोन्‌महिने काही दिसत नाही, एकच उपाय, चुरा खरवडून काढायचा. एकूण बरण्या एकशे बारा, नऊ राज्यांत. पैकी आमच्याकडे पाच.

दात्याचा क्रमांक वाचला. शेवटी ४४१७.

मी बटण दाबलं. पाच नावं यायला हवी होती. त्रेचाळीस आली. त्रेचाळिसावं नाव डोरीन हॅल्विक. मी.

५ मार्च, मंगळवार

बैठक. मी सगळं सांगितलं, लॅमिनेट केल्याचंही. मार्गिट रडली. तिला रडताना कुणी पाहिलं नसावं, कारण सगळे खाली बघत होते. तिने भिंतीवरची चिठ्ठी ओरबाडून काढली होती, ती टेबलावर ठेवली. ओसगुड वाईट माणूस नाहीत. म्हणाले, त्रेचाळीस जणांची भरत आलेली हाडं मी पुन्हा फोडू? त्यातली अडतीस निष्कारण? म्हातारी माणसं आहेत, पाचसहा टेबलावरच जातील. मला पाच नावं आण, मी दुसऱ्या दिवशी सुरी घेतो.

पाच नावं. क्रमांक सांगू शकत नाही, बरण्या कचऱ्यात गेल्या. मी स्वतः त्या पाचांत आहे की नाही हेही मला सांगता येत नाही. आईची आठवण आली. खूप आली. तिच्या वेळी निदान कुणी मुद्दाम खोटं नोंदवलं नव्हतं.

६ मार्च, बुधवार

अस्थिपेढीतल्या बाईंना फोन लावला. दाता कोण होता ते सांगता येत नाही म्हणाल्या. मी माझ्या मनगटाचं सांगितलं तेव्हा विरघळल्या. अठ्ठावन्न वर्षांचा पुरुष. याच सरोवराच्या पलीकडल्या काठावरचा, जाळी विणून मासे धरणारा. दानपत्रावर सही होती, पण आता बहीण म्हणते ती सही त्याची नाहीच. त्याला अख्खं पुरायला हवं होतं. तो लहानपणापासून म्हणायचा, मला तोडू नका, मला सगळा एका जागी ठेवा. बहिणीला परत मिळाली ती पेटी हलकी होती, असं ती रोज फोन करून सांगते.

बाई म्हणाल्या, ती दर वेळी एकच विचारते, बाकीचं कुठे आहे.

फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी बसलो.

७ मार्च, गुरुवार

अल्माबाईंना ताप चढून भरती केलंय. भेटायला गेले. सलाइनची नळी, गाऊनचे बंद, चादरीची कड, जिथे हात पोचला तिथे गाठी. वेंडेल औषधांची पेटी घेऊन आला होता. गाठी बघून त्याचा चेहरा उतरला. त्याचा मामा मासे धरायचा. ही जाळ्याची गाठ आहे म्हणाला, चाळीस वर्षांत या गावात कुणी मारलेली नाही.

अल्माबाईंनी माझं प्लास्टर हातात घेतलं. शेकोटीशी धरावं तसं दोन्ही हातांत धरलं. म्हणाल्या, "हा एक." मग पुढे तेच विचारलं. आवाज त्यांचाच होता, विचारणं त्यांचं नव्हतं.

दुपारी बाराला त्या गेल्या.

आता कालचं वाचलं. शेवटच्या ओळीत मी 'बसलो' लिहिलंय. बसलो. मी बाई आहे, चव्वेचाळीस वर्षं आहे, असं मी कधी लिहिलेलं नाही. हात थकला असेल. खोडायला गेले, पण डावा हात वहीवर आडवा पडून राहिला. मुद्दाम नाही. जड होता म्हणून.

९ मार्च, शनिवार

अल्माबाईंना पुरलेलं नाही. इथली जमीन मे महिन्यापर्यंत दगड असते, तोवर पेट्या दफनभूमीच्या कोठारात ठेवतात. मला हे आधी माहीत नव्हतं. कुणी सांगितलं तेही आठवत नाही. पण माहीत आहे. कुलूप पितळेचं आहे हेही.

उपाय सापडलाय, आणि तो मी ओसगुडना सांगू शकणार नाही. क्रमांकाने पाच सापडत नाहीत. गाठींनी सापडतील. उरलेल्या एकेचाळीस जणांना भेटायचं, नोंदी तपासतेय म्हणून सांगायचं, आणि त्यांच्या घरातल्या दोऱ्या बघायच्या.

११ मार्च, सोमवार

दोन दिवसांत सव्वीस घरं. बहुतेक ठिकाणी कॉफी, ठणठणीत माणसं, सरळ दोऱ्या. किती बरं वाटतं सरळ दोरी बघून.

ट्रकवाला डुशेन, मोडलेला घोटा. बुटाच्या नाड्या गाठींनी इतक्या आखूड झाल्यात की बूट पायात जात नाही. बायको चिडून म्हणत होती, याला वेड लागलंय, माझी लोकरसुद्धा सोडली नाही मेल्याने. मी निघताना माझ्या हाताकडे बघून तो म्हणाला—

तेच म्हणाला.

१२ मार्च, मंगळवार

उरलेली पंधरा घरंही झाली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मिस ट्वीट. न्हावी बर्टिल. दोघांकडेही तेच. बर्टिलच्या आरशाला टांगलेल्या कंगव्यांच्या दोऱ्या, सगळ्या.

अल्मा, डुशेन, ट्वीट, बर्टिल. चार. बाकी अडतीस जण ठीक आहेत, मी स्वतः बघितलंय. म्हणजे पाचवी बरणी—

मला माहीतच होतं. मफलरच्या दिवसापासून.

१४ मार्च, गुरुवार

ओसगुडना पाच नावं दिली. कशी काढली विचारलं. कचऱ्याच्या नोंदींवरून म्हटलं. खोटं बोलणं आता जड जात नाही. सोमवारी सकाळी पहिली मी, मग बाकीचे. मार्गिटने हात धरला. या वेळी बरणी, चिठ्ठी, सगळं मी डोळ्यांनी बघेन म्हणाली. मी तिला मिठी मारली. सुटेन. चार दिवस.

या वहीला खुणेची रेशमी फीत आहे. होती. आता एक बोटभर उरलीय, बाकी सगळी गाठीच गाठी.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी प्रशासकबाईंनी बोलावून शाबासकी दिली. नऊ राज्यांतल्या इस्पितळांना मी संगणकावरून पत्रं धाडली म्हणे, क्रमांक ४४१७ ज्यांना बसवला त्यांची नावं, पत्ते कळवा म्हणून. काय तत्परता. सत्तावीस उत्तरं आलीतही.

मी नाही पाठवली. पत्रं उघडून बघितली. खाली माझं नाव. वर 'कळवावे, मी शोधत आहे'. शब्दरचना माझीच, आईशप्पथ माझीच, मी अशीच लिहिते. वेळ परवा दुपारी तीन. तीन वाजता मी माझ्या खुर्चीत होते, उजव्या हाताने चहा पीत.

डावा हात टेबलावर होता.

१६ मार्च, शनिवार

डुशेन दुपारी दाराबाहेर उभा होता, अनवाणी, बर्फात. घरमालकीणबाईंनी त्याला घालवलं. मग बर्टिल आला. तो आत नाही आला. नुसता उभा. ट्वीट रस्त्यापलीकडे. तिघांपैकी कुणी एकमेकांशी बोलत नाही— बोलायची गरज नाही कारण—

वेंडेलला फोन केला. ये म्हटलं. येतो म्हणाला. माझ्या आवाजाला काय झालंय विचारलं त्याने.

१७ मार्च, रविवार

वेंडेल आला नाही की आला. आला होता. दाराशी बिस्किटांची पिशवी आहे. पिशवीचं तोंड गाठ मारून बंद केलंय. मी मारली ती. त्याला काय सांगितलं मी—

उद्या सकाळी सात. फक्त उद्या सकाळपर्यंत. आई, उद्या काढतील ते. कुणाच्या अंगात काय आहे ते या वेळी त्यांना माहीत आहे, आई, मी सांगितलंय त्यांना—

प्लास्टर सोललेलं आहे. दातांनी.

हात भरलाय चांगला. छान धरतो. पेन छान

१८ मार्च, सोमवार

उजेड झाला. सात वाजून गेले. फोन वाजतो आहे, मार्गिट असेल. वाजू दे.

गेलो नाही. कापायला कशाला जायचं, पुरे झालं कापणं. तिघं खाली थांबलेत. चौथी कोठारात आहे, कुलूप पितळेचं, जमीन मऊ व्हायच्या आत काढू. पाच झाले.

डोरीन म्हणते नको. डोरीन अजून उजव्या हातात आहे, थोडी. चांगली बाई. सगळ्यावर नाव घालते, तारीख घालते. तिच्याकडे यादी आहे, सत्तावीस पत्ते, आज आणखी येतील, नऊ राज्यं, एकशे सात बरण्या. तिला हरवलेलं शोधता येतं. मला आता शोधता येतं. मी निघतो, एकेकाकडे जातो, दार वाजवतो, विचारतो बाकीचं कु